जवाईबापूंची विमानं आणि माझी गोफण

सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या हातात वाढणीचं पातेलं देऊन त्याला पंगतीत वाकायला लावणारा साळा तळेगावात आजवर एकच झाला, आणि तो मी. हे मीच सांगितलेलं बरं. दुसरं कोणी सांगितलं की त्यात मीठ कमी पडतं.

शतक नुकतंच उलटलं होतं. तळेगावच्या बाजारओळीत आमचं दुकान होतं: खिळे, कुलपं, दोर, पत्रे, फवारणीचे पंप. गावाबाहेर थोडी शेती. ताई लग्न होऊन नागपूरला गेली होती. भाऊजी इंजिनिअर. चार वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीनं त्यांना काही महिने परदेशी पाठवलं. परतल्यावर ते आमच्याकडे आले तेव्हा बॅगेतून रंगीत कागदात बांधलेला एक भलामोठा खोका काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आईला वाटलं मिक्सर. बाबांना वाटलं रेडिओ. मी कागद फाडला आणि आतून निघाला एक घडीचा नकाशा, पुठ्ठ्याच्या बोटभर सोंगट्यांची रास, दोन फासे आणि एक जाडजूड पुस्तक.

"जवाईबापूनं पोथी आनली," आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

पोथी लढाईची होती. नकाशावर मधमाशीच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं छापलेली. मधून एक नदी, नदीवर एक पूल. एका गड्याकडे विमानं, त्यानं येऊन पूल उडवायचा. दुसऱ्याकडे जमिनीवरची रडारं आणि क्षेपणास्त्रांची ठाणी, त्यानं पूल राखायचा. राखणाऱ्याच्या सोंगट्या पालथ्या मांडायच्या, त्यात काही खऱ्या, काही नुसत्या फसवायला. खरी गंमत रडारची. रडार बंद असेल तर ठाणं आंधळं. चालू केलं की विमान दिसतं, पण मग विमानालाही रडार दिसतं आणि ते सरळ त्याच्यावरच क्षेपणास्त्र सोडतं. म्हणजे डोळा उघडला की डोळा फुटायची सोय.

एवढा मोठा नकाशा मांडायला घरात टेबल नव्हतं. दुकानामागच्या गोदामात एक जुनं कवाड पडलेलं होतं. ते दोन रिकाम्या ड्रमांवर आडवं टाकलं. कवाडाची लोखंडी कडी काही निघाली नाही, त्यामुळे नदीच्या अलीकडे, जिथं छापणाऱ्यानं सपाट मैदान दाखवलं होतं, तिथं आमच्या नकाशाला टेंगूळ आलं. त्यावरून पहिल्याच दिवशी भांडण झालं. पंच म्हणून बसलेल्या ताईनं निकाल दिला, "दिसून राह्यला नं डोंगर? मंग हाय डोंगर." तेव्हापासून तो कडीचा डोंगर झाला आणि त्याच्याआडून येणारं विमान रडारला दिसत नाही, असं सर्वानुमते ठरलं. पालथ्या सोंगट्यांपैकी खरी कोणती, कोणत्या ठाण्यात किती क्षेपणास्त्रं उरली, हे माझ्याखेरीज फक्त ताईला माहीत असायचं. क्षेपणास्त्रं किती मिळणार ते डावाआधी ती आडोशाला फासे टाकून ठरवायची, तेवढे तुरीचे दाणे एका वाटीत ठेवायची आणि माझं एक क्षेपणास्त्र सुटलं की एक दाणा काढून घ्यायची.

विमानं नेहमी भाऊजींची. पाहुण्यानं वरून यायचं आणि घरच्यांनी खाली सोसायचं, हे आईला फार रीतसर वाटायचं.

आता आईचा कायदा सांगतो, त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. आमच्या घरात जावयाला हरवायचं नाही. कॅरम असो, पत्ते असोत, जावई जिंकलाच पाहिजे. पहिल्या डावाच्या आधी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"हरजो."

"काऊन?"

"जवाई हाय तो. खुश होऊन गेला तं आपली पोरगी खुश. तुले काय फरक पडते?"

मी मान डोलावली आणि तिचा हुकूम मोडायचाच, असं पक्कं ठरवून गोदामात गेलो. अर्ध्या तासात माझा पूल नदीत पडला.

मग दिवाळीत पडला. संक्रांतीला पडला. उन्हाळ्याच्या सुटीत तर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पडला. विमान नकाशाच्या कडेला दिसलं रे दिसलं की मी सगळी रडारं चालू करून असेल नसेल तो दारूगोळा फुंकायचो. एखादं विमान पाडावं, ती सोंगटी उचलून खिशात घालावी, एवढीच माझी हौस. भाऊजी आधी दोन रडारमारी विमानं पाठवायचे. ती माझे डोळे फोडायची. मागून चार बाँबवाली विमानं वरातीसारखी निवांत यायची.

"सालेसाहेब," भाऊजी म्हणायचे, "ही क्षेपणास्त्रं दिवाळीची उरलेली आहेत का हो?"

पण खरं मरण वेगळंच होतं. आईला वाटायचं, मी तिच्या सांगण्यावरून हरतोय. जेवताना माझ्या ताटात एक पोळी जास्तीची पडायची आणि कानाशी कुजबुज व्हायची, "किती गुनाचं पोट्टं माहं! कसं सफाईनं हरते, कोनाले समजत बी नाई." जीव तोडून लढावं, हरावं आणि वर त्याचं बक्षीस खावं! ती पोळी घशाखाली उतरवणं हीसुद्धा एक लढाईच होती.

त्या वर्षी अधिक आश्विन आला. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारसे द्यायचे, आणि तो नको नको म्हणत असताना वाढतच राहायचं. भाऊजी आणि ताई चांगले चार दिवस राहायला आले. पहिल्याच जेवणाला भाऊजी रंगात आले आणि बाबांसमोर म्हणाले, "सालेसाहेब, यंदा पैज लावू. पूल उडाला, तर यापुढे मी जेव्हा जेव्हा येईन तेव्हा स्टँडपासून घरापर्यंत माझी बॅग तुमच्या डोक्यावर. हातात नाही, डोक्यावर."

तळेगावच्या स्टँडपासून आमच्या घरापर्यंत अख्खी बाजारओळ. प्रत्येक दुकानदार मला लंगोटीत असल्यापासून ओळखतो. ज्यांच्यावर मी उधारीपायी डोळे वटारायचो ते सगळे ओट्यावर बसून ती मिरवणूक बघणार, दर सणाला, जन्मभर.

"आन पूल राह्यला तं?" मी विचारलं.

भाऊजी हसले. त्यांच्या दृष्टीनं हा प्रश्नच नव्हता. "राहिला तर संध्याकाळच्या पंगतीत मी वाढीन. तुम्ही पाटावर बसा."

आईच्या हातातला झारा कढईत पडला. "असं अभद्र नोका बोलू जवाईबापू! जवाई कुटी वाढते का?"

"घाबरता कशाला? जिंकणार मीच," भाऊजी म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच हुकूम दिला: हरजो. डाव परवाच्या दुपारी ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला शेतावर घेऊन गेले. ज्वारी दाण्यावर आली होती आणि राघूंचे थवे उतरत होते. राखणीचा गडी सासऱ्याच्या गावी गेलेला. मचाणावर बाबा आणि मी, हातात गोफणी. माझ्या डोक्यात पुलाशिवाय काही नव्हतं. लांबवर थवा दिसला की मी दगड सोडायचो. दगड जायचा भलतीकडे, थवा जरा वळसा घालून दुसऱ्या कोपऱ्यात उतरायचा. मी पुन्हा दगड. एक तरी राघू पाडतोच, अशी जिद्द. तासाभरात खांदा भरून आला आणि दगडांची पाटी रिकामी झाली.

बाबा तोवर बिडी ओढत स्वस्थ बसलेले. "राघू मारून कढी करतं का बे?" त्यांनी विचारलं.

"नेम नाई लागून राह्यला."

"नेम लावाले सांगतलं कोनं? दगड दुरून फेकून राह्यला तू. ते बी पाह्यते तुह्या दगडाची चाल. येऊ दे त्याले. कनसावर पाय टेकवू दे."

पुढचा थवा आला. बाबा हलले नाहीत. राघू खाली आले, पंख मिटायला लागले, एकदोघांनी कणसाला चोच लावायची तेवढी बाकी होती, आणि बाबांनी गोफण गरगरा फिरवून नुसती दोरी फटकारली. दगड नव्हताच तिच्यात. फाडकन् आवाज झाला आणि अख्खा थवा किंचाळत उठला तो थेट पलीकडच्या नाल्यापार.

"मेला एक बी नाई," बाबा म्हणाले, "पन खाल्लं कोनं?"

मी मचाणावर उभाच राहिलो. पोथीतलं वाक्य मला आठवलं, जे चार वर्षं मी वाचून सोडून देत होतो. विमानावर रडार रोखलं की वैमानिकानं तिथल्या तिथं ठरवायचं: सरळ जायचं आणि फाशांवर जीव टांगायचा, नाहीतर वळून निसटायचं. पण पूर्ण ओझं लादलेल्या विमानाला वळता येत नाही. वळायचं तर बाँब आधी टाकून द्यावे लागतात. आणि बाँब नसलेलं विमान पुलाचं काय वाकडं करणार? मला विमान पाडायची गरजच नव्हती. मला फक्त ज्वारी वाचवायची होती!

तिथल्या तिथं मी अशी आरोळी ठोकली की उरलेसुरले राघूही गेले. परत येताना मी बाजारओळीत पानठेल्यावर थांबलो, मग न्हाव्याकडे थांबलो, मग पिठाच्या गिरणीत थांबलो, आणि उद्या संध्याकाळी आमच्याकडे काय घडणार आहे ते प्रत्येक ठिकाणी फक्त एकेका विश्वासू माणसाच्या कानात सांगितलं. इतका मला भरवसा होता. किंवा इतका मी मूर्ख होतो. त्या वयात दोन्ही एकच असतं.

परवाची दुपार आली. भाऊजी धोंडे खाऊन गोदामात आले तेव्हा पायजम्याची नाडी सैल केलेली होती. त्यांनी विमानं मांडली आणि चारही बाँबवाल्यांवर काठोकाठ ओझं लादलं. पोथीत अर्धं ओझं लादायचीही सवलत होती, अर्ध्या ओझ्याच्या विमानाला बाँब न टाकताही वळता यायचं. पण आमच्या भाऊजींना चार वर्षांत सासुरवाडीला अर्धं कोणी काही घेऊच दिलं नव्हतं. अर्धी पोळी नाही, अर्धी वाटी नाही. भरल्या ताटाची सवय विमानांना लागली, यात त्यांचा काय दोष?

ताई तुरीच्या वाटीवर स्टीलचं झाकण ठेवून बसली. डाव सुरू झाला.

रडारमारी विमानं आली. मी हाताची घडी घातली.

"रडार?" भाऊजींनी विचारलं.

"बंद."

ती पुढे आली, पुलावर आली. "रडार?"

"झोपले सगळे, भाऊजी."

"असं कसं? काहीतरी करा की!"

"दुपार हाय. जेवन जड झालं."

मारायला एकही रडार दिसेना, इंधन संपत आलं, आणि दोन्ही विमानं रिकाम्या हातानं नकाशाबाहेर गेली. भाऊजींनी पहिल्यांदा चष्मा काढून पुसला. मग चारही बाँबवाली कडीच्या डोंगराआड शिरली. त्यांची ही आवडती वाट. डोंगर ओलांडला की पूल दोनच घरं. पहिलं विमान डोंगरावरून पुढं आलं, पुलावर पाय टेकणार, एवढ्यात मी एक सोंगटी उलटी केली.

"रडार चालू! सरळ जाता का वळता?"

"सरळ," भाऊजी तुच्छतेनं म्हणाले. मी क्षेपणास्त्र सोडलं. ताईनं दाणा काढला. फासे पडले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा भाऊजींच्या हातून एक विमान उचललं गेलं. रडार मी लगेच बंद केलं.

दुसरं आलं. मी नदीपलीकडचं वेगळंच रडार उघडलं. "सरळ का वळता?" भाऊजींनी मघाच्या फाशांकडे पाहिलं. "वळतो." बाँब नदीत. विमान धडधाकट घरी गेलं, पूलही धडधाकट राहिला.

"पळून राह्यले का हो जवाईबापू?" मी.

"तोंड बंद ठेवा, सालेसाहेब."

तिसऱ्याला ते ताठ राहिले. सरळ. मी सोडलं आणि फासे फिरले. हुकलं! बाँब पुलावर पडले. पूल मोडायला दोन तडाखे लागायचे. एक बसला होता. ताईनं झाकण उचललं, दाणा काढला आणि झाकण पुन्हा ठेवलं. आवाज जरा पोकळ आला. तो फक्त मला ऐकू आला असावा, कारण मला माहीतच होतं: या डावाला फाशांनी मला दोनच क्षेपणास्त्रं दिली होती, वाटीत आता एकही दाणा नव्हता.

चौथं विमान डोंगरावर येऊन थांबलं. स्टँडपासून घरापर्यंतची सगळी बाजारओळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. डोक्यावर बॅगेचं वजनसुद्धा जाणवलं.

तेवढ्यात आई ताक घेऊन आली. बरोबर एक धोंडा. "जवाईबापू, एवढा एक." नाही म्हणायची सोय नव्हती. भाऊजी धोंडा चावत चावत विमान पुढं सरकवायला लागले. मी उरलेली शेवटची सोंगटी उचलली, अगदी सावकाश, आणि कवाडावर फाडकन् आपटून उलटी केली.

"रडार चालू!"

भाऊजी चावायचे थांबले. "हे कुठून आलं?"

"होतं. मी याचीच वाट पाहून राह्यलो होतो. पहिले तीन तं नमुना होता."

त्यांनी ताईकडे पाहिलं. "अगं, याच्याकडे शिल्लक किती आहेत?"

ताईचा एक हात झाकणावर होता. नवरा समोर, भाऊ शेजारी. तिनं गोदामाच्या पत्र्याकडे पाहिलं. "मी पंच हाय. नवऱ्याले बी नाई सांगत, भावाले बी नाई."

"एखादी खूण तरी?"

"खून कराची असन तं घरी जाऊन भांडा."

भाऊजींनी विमान मागं घेतलं, पुन्हा पुढं आणलं. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी मचाणावरच्या बाबांसारखा चेहरा केला. बिडी तेवढी नव्हती. शेवटी त्यांनी धोंडा गिळला आणि पुटपुटले, "वळतो."

बाँब शेतात पडले. विमान गेलं. पूल राहिला.

मी झाकण उचलून रिकामी वाटी त्यांच्यासमोर कवाडावर पालथी केली. भाऊजी वाटीकडे बघत राहिले, मग ताईकडे, आणि मग असे काही हसत सुटले की ड्रमावरचं कवाड हलायला लागलं. "फसवलं! बहीणभावानं मिळून फसवलं!" मी तेव्हा कवाडाभोवती नाचत होतो. तो नाच कोणी पाहिला नाही असं मला वाटायचं, पण पानठेलेवाला खिडकीत होता.

आई मात्र हादरली. "तू जिंकला? काऊन जिंकला रे? इतके साल बरोबर हरत होता!"

तिनं भाऊजींना पैज सोडून द्यायची गळ घातली. पण भाऊजी शब्दाचे पक्के. संध्याकाळी त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, कमरेला ताईचा टॉवेल गुंडाळला आणि पातेलं उचललं. आईनं दारं लावली, खिडक्या लावल्या. व्यर्थ. आधी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मग न्हाव्याची बायको विरजणालाच आली. मग गिरणीवाल्याची आई. त्या संध्याकाळी अख्ख्या तळेगावात दही लावायला कोणाच्याच घरी विरजण नव्हतं.

मी पाटावर बसलो. बाबा शेजारी. भाऊजींनी वाढायला घेतलं आणि मला त्यांचा बेत कळला. धोंडे झाले, पुन्हा धोंडे. डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात, त्यावर तेल. मी पानावर हात आडवे धरले तर त्यांनी हातांवर तूप ओतलं. "सरळ का वळता, सालेसाहेब?" मला कुठंच वळता येत नव्हतं. बाबा मान खाली घालून जेवत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग भाऊजी चुलीजवळ पदरानं तोंड झाकून उभ्या असलेल्या आईकडे वळले. "मी वाढतोच आहे, तर तुम्ही आणि ही पण बसा."

"अगं बाई! मी कशी बसू?"

"पैजेत पंगत म्हटलं होतं. दोघांची पंगत होत नाही." ताईनं आईचा हात धरून तिला पाटावर बसवलं. आई अंग चोरून बसली. भाऊजींनी तव्यावरून उतरलेली पुरणपोळी, वाफ निघत असलेली, तिच्या पानात घातली आणि वर तुपाची धार धरली. आई नको नको म्हणत होती, पण हात काही आडवा घालत नव्हती. तिनं पहिला घास घेतला, तोंड भाजलं म्हणून फुंकर मारली, दुसरा घेतला. दारात विरजणवाल्या बायकांची गर्दी होती. आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ ताठ केली.

दुसरी पोळी पानात पडली तेव्हा ती माझ्याकडे वाकली आणि नेहमीसारखीच कानाशी कुजबुजली,

"येत्या खेपेले बी जिंकजो."